सार्वजनिक आरोग्यातल्या फेलोशिप: कोल्हापूरच्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

पदवी हातात आली, इंटर्नशिप संपली, आता पुन्हा एकदा नीट-पीजीला बसायचं की वेगळं काही करायचं, अशा वळणावरची मुलंमुली आमच्याकडे येत असतात. कुणी शेंडा पार्कातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेलं असतं, कुणी आजऱ्याकडच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतं, कुणी सायबर महाविद्यालयातून एमएसडब्ल्यू करून बाहेर पडलेलं. प्रश्न मात्र थोड्याफार फरकाने तेच. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. वयोमर्यादा, जागा, मानधन या गोष्टी दर जाहिरातीला बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचा. इथे जे लिहिलंय ते त्याच्या पलीकडचं आहे.

फेलोशिप म्हणजे शिष्यवृत्तीच ना?

नाही. शिष्यवृत्तीत तुमची फी कुणीतरी भरतं आणि तुम्ही वर्गात बसता. फेलोशिपमध्ये तुम्ही काम करता, त्याचं मानधन मिळतं, आणि ते काम कुणातरी जाणत्या माणसाच्या हाताखाली होतं. हा तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि मुलं नेमकं त्याबद्दलच विचारत नाहीत. मानधन किती, शहर कोणतं, प्रमाणपत्रावर कुणाचा शिक्का, इथपर्यंत चौकशी होते. ‘माझ्या अहवालावर लाल पेनाने खुणा कोण करणार?’ हे विचारणारं एखादंच भेटतं. तेवढ्या एका प्रश्नावर निम्मी निवड करता येते.

एमडी पीएसएम, एमपीएच आणि फेलोशिप यांत फरक काय?

एमडी पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, फक्त एमबीबीएसवाल्यांसाठी. नीट-पीजीतून प्रवेश, तीन वर्षं. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं असेल तर हाच सरळ रस्ता.

एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तिला डॉक्टर असण्याची अट बहुतेक ठिकाणी नसते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, त्रिवेंद्रमला श्री चित्रा तिरुनाल संस्थेचं अच्युत मेनन केंद्र ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. अच्युत मेनन केंद्रात एमपीएच १९९७ पासून चालू आहे. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्य विज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था तर १९३२ ची. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: एमपीएच झाल्याने दवाखान्याची पाटी बदलत नाही. ती रुग्ण तपासण्याची पदवी नाही.

फेलोशिप या दोन्हींच्या आधी, नंतर किंवा ऐवजीही करता येते. काही फेलोशिपांच्या पोटातच पदवी असते, काहींत नुसतं प्रशिक्षण.

भारतात नेमक्या कुठल्या फेलोशिपकडे बघावं?

साथरोगशास्त्रात, म्हणजे आजार कुणाला, कुठे आणि का होतात याच्या अभ्यासात, हात घालायचा असेल तर पहिलं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, म्हणजे एनसीडीसीचं. तिथला एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस, थोडक्यात ईआयएस, हा दोन वर्षांचा कार्यक्रम २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीसीच्या, मदतीने सुरू झाला. मूळ अमेरिकन ईआयएस १९५१ चा. साथ आली की बॅग उचलून तिथे पोचायचं, ही त्याची रीत. आपल्याकडचा कार्यक्रम मुख्यतः डॉक्टरांसाठी आहे, आणि सरकारी सेवेतल्यांना आपल्या खात्यामार्फत अर्ज करावा लागतो.

दुसरं नाव चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचं, एनआयईचं. ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था. तिथे २००१ पासून क्षेत्रीय साथरोगशास्त्राचं दोन वर्षांचं शिक्षण मिळतं, आता एमपीएच पदवीच्या रूपात. यातली गंमत अशी की, विद्यार्थी थोडे दिवस चेन्नईत वर्गात बसतात आणि उरलेला काळ आपापल्या जिल्ह्यात काम करतात. नोकरीतल्या माणसासाठी ही रचना फार सोयीची.

जगभर या पद्धतीच्या प्रशिक्षणाला एफईटीपी, म्हणजे क्षेत्रीय साथरोगशास्त्र प्रशिक्षण कार्यक्रम, म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या: साधारण तीन महिन्यांची पहिली, नऊ ते बारा महिन्यांची मधली आणि दोन वर्षांची वरची. पहिल्या पायरीत नोकरी सोडावी लागत नाही. चार दिवस कार्यशाळा, मग आपल्याच तालुक्यात काम, पुन्हा कार्यशाळा. वरच्या पायरीत किमान तीन चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष कामात गेला पाहिजे, असा दंडक आहे.

संशोधनाकडे कल असेल तर संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य फेलोशिप आहेत. पण त्या पुढच्या टप्प्याच्या. स्वतःचा संशोधन प्रश्न, तो सोडवण्याची पद्धत आणि पाठीशी एखादी संस्था, एवढं सगळं तयार असेल तेव्हाच तिकडे वळा.

आणि गडचिरोलीची ‘सर्च’ ही संस्था. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमातून कितीतरी मराठी मुलं आदिवासी आणि ग्रामीण भागात एक-दोन वर्षं काम करून आली आहेत. आकडेमोड तिथे कमी शिकाल, पण माणसाशी बोलायला शिकाल, आणि ते शिकवणारी जागा दिल्लीत नाही.

दोन वर्षं रोज करायचं काय असतं?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

ढोबळमानाने पाच-सहा कामं प्रत्येकाला करावीच लागतात. आजारांच्या साठवलेल्या नोंदींचं विश्लेषण, आजारांवर नजर ठेवणाऱ्या एखाद्या सर्वेक्षण यंत्रणेची तपासणी, साथीचा शोध, स्वतः आखलेला एक अभ्यास, परिषदेत सादरीकरण आणि छापण्याजोगा लेख.

यातला साथीचा शोध कसा चालतो, ते एका मनाने रचलेल्या उदाहरणाने सांगतो. समजा, करवीर तालुक्यातल्या एका गावात लग्नाच्या जेवणानंतर दोन-चार तासांत लोकांना उलट्या सुरू झाल्या. गाव म्हणतं, मठ्ठा बाधला. तुम्ही जेवलेल्या २०० जणांना गाठून विचारता. आजारी पडलेले ६५. मठ्ठा घेतलेले १६०, त्यांतले ५२ आजारी, म्हणजे ३२.५ टक्के. न घेतलेले ४०, त्यांतले १३ आजारी, म्हणजे पुन्हा ३२.५ टक्केच. मठ्ठा सुटला. आता बासुंदी बघा. खाल्लेले १५०, आजारी ६०, म्हणजे ४० टक्के. न खाल्लेले ५०, आजारी ५, म्हणजे १० टक्के. बासुंदी खाणाऱ्याला धोका चौपट. इतक्या लवकर आणि मुख्यतः उलट्या, म्हणजे स्टॅफिलोकोकसच्या विषावर संशय जातो. मग दूध कधी आटवलं, किती वेळ उघडं राहिलं, ढवळणाऱ्याच्या हाताला जखम होती का, हे विचारायला तुम्ही आचाऱ्याकडे जाता. आचारी अर्थातच दार उघडत नाही. ते उघडून घेणं हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग.

बासुंदी न खाल्लेले पाच जण कसे आजारी पडले? हा प्रश्न तुमच्या मनात आत्ताच आला असेल, तर तुम्ही या कामाला योग्य आहात.

खऱ्या कामाचं वजन बघायचं असेल तर मुजफ्फरपूर आठवा. बिहारच्या या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात लहान मुलांना पहाटेच्या सुमाराला झटके यायचे आणि बरीच मुलं दगावायची. विषाणूचा शोध वर्षानुवर्षं चालला. २०१३ आणि २०१४ मध्ये एनसीडीसी आणि अमेरिकन सीडीसीच्या पथकांनी आजारी मुलांची इतर मुलांशी तुलना केली. आजारी मुलांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली होती, लिची खाल्लेली होती, आणि त्यांच्यात रात्री न जेवता झोपलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. लिचीतल्या घटकांमुळे उपाशी शरीराला साखर तयार करता येत नाही, असा तो दुवा निघाला. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. पण त्याआधीच गावागावांत निरोप गेला होता: मुलाला रात्री जेवू घाला, आणि आजारी दिसलं तर लगेच साखर तपासून ग्लुकोज द्या.

मी बीएएमएस आहे. किंवा नर्सिंग. किंवा एमएसडब्ल्यू. मला दार उघडं आहे का?

एमपीएचला बहुतेक ठिकाणी आहे. ईआयएससारख्या ठिकाणी एमबीबीएसची अट आडवी येते. संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक यातल्या लोकांची तर या क्षेत्राला खरीखुरी गरज आहे, आणि तेच लोक ‘हे डॉक्टरांचं काम’ म्हणून अर्ज करत नाहीत. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गला माकडताप आला तेव्हा जंगलात मेलेलं माकड आणि गोचीड हेच पहिले पुरावे होते. तिथे नुसता एमबीबीएस काय करणार? चंदगडची हद्द तिथून किती लांब आहे, ते नकाशात बघा.

नर्सिंगवाल्यांना एक सांगणं: तुम्ही उपकेंद्रात रोज जे नोंदवता त्यावरच पुढचे सगळे आलेख उभे राहतात. अर्जात ते ठासून लिहा.

कोल्हापुरात राहून तयारी होते का? की पुणे-मुंबई गाठावी?

खोलीभाडं भरून पुण्यात क्लास लावण्यापेक्षा कोल्हापूर जिल्हा बरा, हे माझं ठाम मत आहे. पंचगंगा हीच आपली प्रयोगशाळा आहे म्हणा. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर या जिल्ह्याने बघितले. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हिपॅटायटिस ई, दूषित पाण्यातून पसरणारी आणि गरोदर बायकांना विशेष घातक. उद्योग, नदी, नळ आणि आजार हे सगळं इथे एकाच तालुक्यात बघायला मिळतं.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. साथरोग सर्वेक्षण त्याहून वेगळं नाही: या गावात या आठवड्यात जुलाबाचे एवढे रुग्ण नेहमीचे, त्यावर गेले की इशारा. फरक एवढाच की बंधाऱ्यावर फूटपट्टी रंगवलेली आहे आणि आजारांची तुम्हाला नोंदींमधून काढावी लागते. देशभरातला एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ पासून तेच करतो. आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते, वैद्यकीय अधिकारी संशयित निदान लिहितात, प्रयोगशाळा पक्कं करते. या तीन प्रकारच्या नोंदी आता संगणकावर चढतात, पण अर्थ तोच.

करायचं काय? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घ्या आणि पाण्याच्या नोंदी बघा. गावात ओटी टेस्ट होते: नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात रंग येत नाही? तिथला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, साठा कोरड्या जागी ठेवलाय की ग्रामपंचायतीच्या ओल्या कोपऱ्यात पोतं उघडं पडलंय? उघडी ब्लीचिंग पावडर लवकर निकामी होते, रंग येणार कुठून! वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या तालुक्यातलं कार्ड आणि त्या गावातले जुलाबाचे रुग्ण एकमेकांशी जुळतात का, ते मांडून बघा. पुष्कळदा जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हेच शोधण्याजोगं असतं. रुग्णांची नावं, फोन नंबर मात्र वहीतून बाहेर काढायचे नाहीत. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

अभ्यासासाठी पैसे खर्चू नका. एनआयईचे संशोधनाच्या मूलभूत गोष्टींवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम ‘स्वयम’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत, शिकायला फुकट. एपी इन्फो आणि ‘आर’ ही विश्लेषणाची साधनंही फुकट. एमबीबीएसला अजून शिकत असाल तर आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना, म्हणजे एसटीएस, सोडू नका. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प असतो, पण अर्जात तो उठून दिसतो.

एसओपी, म्हणजे उद्देशपत्र, कसं लिहायचं?

‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारी उद्देशपत्रं निवड समितीच्या टेबलावर गठ्ठ्याने असतात. त्यात तुमचं एक कशाला?

त्याऐवजी असं काही: ‘माझ्या उपकेंद्राच्या पाच गावांपैकी दोन गावांत जून ते ऑगस्ट ओटी टेस्ट सलग नकारात्मक होती. ग्रामपंचायतीशी बोलल्यावर कळलं की टाकी भरणारा माणूस आणि टीसीएल टाकणारा माणूस वेगळा, आणि दोघांच्या वेळा जुळत नाहीत. वेळ बदलल्यावर काय झालं ते मी नोंदवलं.’ यात एकही मोठा शब्द नाही. वाचणाऱ्याला मात्र कळतं की हा माणूस बघतो, विचारतो आणि लिहून ठेवतो. अर्थात हे स्वतः केलेलं असेल तरच लिहा. मुलाखतीतला दुसरा प्रश्नच याच्यावर येतो.

मोठमोठ्या संस्थांची स्तुती, गांधीजींचं अवतरण, कोविडने जग कसं बदललं याचा परिच्छेद, हे सगळं काढून टाका. एआयकडून लिहून घेतलेलं पत्रही लगेच ओळखू येतं, कारण त्यात गावाचं नाव नसतं.

मुलाखतीत काय विचारतात?

आलेख पुढे ठेवतात आणि काय दिसतं ते विचारतात. साथ कळली तर पहिल्या दिवशी काय कराल, असं विचारतात. ‘नमुने घेईन’ हे उत्तर घाईचं. आधी खरंच साथ आहे का याची खात्री, निदानाची खात्री, मग रुग्णाची व्याख्या ठरवून यादी. आणि हमखास येणारा प्रश्न: तुमच्या जिल्ह्यातला सध्याचा सगळ्यात मोठा आरोग्यप्रश्न कोणता आणि कशावरून? ‘कशावरून’ला उत्तर नसेल तर पहिलं उत्तर वाया जातं.

इंग्रजी कच्चं आहे. मराठी माध्यमातून शिकलोय.

अहवाल इंग्रजीतच लिहावे लागतात, त्याला इलाज नाही. पण ते इंग्रजी साधं लागतं: कोण, किती, कुठे, कधी. रोज एक परिच्छेद लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या, सहा महिन्यांत फरक पडतो. उलट शिरोळच्या पूरग्रस्त बाईशी ज्या भाषेत बोलायचं, ती भाषा तुम्हाला येते आणि दिल्लीच्या फाडफाड बोलणाऱ्याला येत नाही. प्रश्नावली मराठीत नीट उतरवता येणं हे मोठंच कौशल्य आहे, फक्त त्याला कुणी गुण देत नाही.

पैसे पुरतात का?

एकट्या माणसाला पुरतात, साठत नाहीत. मानधनाचा आकडा ऐकून खूश होण्याआधी तीन गोष्टी विचारा: राहण्याची सोय आहे का, कामावरच्या प्रवासाचा खर्च वेगळा मिळतो का, आणि पैसे महिन्याला येतात की तिमाहीला. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, घरभाडं महिन्यालाच भरावं लागतं. करमाफी सरसकट गृहीत धरू नका. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती आणि कामाचं मानधन यांना कराचे नियम वेगळे लागतात. नियुक्तिपत्र सीएला दाखवा.

मी जिल्हा परिषदेत कायम वैद्यकीय अधिकारी आहे. नोकरी सोडावी लागेल?

सोडू नका! प्रतिनियुक्ती किंवा अध्ययन रजा हे दोन मार्ग आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. अडचण नियमाची नसते, कागदाच्या प्रवासाची असते. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, तिथून वर. ना हरकत प्रमाणपत्र यायच्या आत अर्जाची मुदत संपते, ही नेहमीची रड. म्हणून जाहिरातीची वाट न बघता मागच्या वर्षीच्या जाहिरातीची प्रत जोडून विनंती आधीच पुढे सरकवा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांना ही सोय सहसा मिळत नाही. त्यांनी नोकरीत राहून करता येणारी प्रशिक्षणं बघावीत.

बाँड बाकी असेल तर?

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी बंधपत्रातली एक वर्षाची सरकारी सेवा आधी पूर्ण करावी. ते वर्ष वाया जातं असं समजू नका. वर पाण्याच्या नोंदींबद्दल लिहिलंय, ते सगळं त्या वर्षात करता येतं, तेही पगार घेऊन.

परदेशी फेलोशिपचं काय?

तीन वाटा सांगतो. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती: २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप: सार्वजनिक आरोग्य हा त्यांच्या विषयांत आहे, तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि परत येण्याची अट इथेही आहे. तिसरी वाट फारशी कुणाला माहीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेत टीडीआर नावाचा उष्णकटिबंधीय आजारांवरचा विशेष कार्यक्रम १९७५ पासून आहे. त्याची पदव्युत्तर प्रशिक्षण योजना विकसनशील देशांतल्या विद्यापीठांतूनच चालते. ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठ आणि इंडोनेशियातलं गाजा माडा विद्यापीठ ही त्यांतली आपल्या बाजूची.

टीडीआरचा भर असतो अंमलबजावणीच्या संशोधनावर. म्हणजे औषध आहे, ते लागू पडतं हेही माहीत आहे, तरी ते माणसापर्यंत का पोचत नाही? पुरानंतर लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. वाटल्या किती ते रजिस्टरमध्ये असतं. गिळल्या किती? याचं उत्तर शोधायला लंडनपेक्षा ढाका जवळचं, दोन्ही अर्थांनी.

राज्याकडूनही मदत मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांनी सारथी या सरकारी संस्थेच्या योजना बघाव्यात, त्यांचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. ओबीसींसाठी तशीच महाज्योती ही संस्था. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, मिळायला वेळ लागतो, ते आधी मागवून ठेवा.

घरचे म्हणतात, ‘एवढं डॉक्टर झालास आणि गावोगाव फिरणार व्हय?’

आई-वडिलांना ‘साथरोगशास्त्र’ समजावू नका. त्यांना पुरानंतरची ती पंधरवड्याची धावपळ आठवते: फवारणी, गोळ्या, टँकरचं पाणी. ते सगळं ठरवणारा माणूस व्हायचंय, एवढं सांगा.

मुलींच्या बाबतीत प्रश्न वेगळा निघतो. लग्न. दोन वर्षं दिल्ली म्हटलं की स्थळं बघणारे मामा अस्वस्थ होतात. एनआयईसारखी रचना, जिथे बराच काळ आपल्याच जिल्ह्यात काम असतं, ती घरी पटवायला सोपी जाते, असा अनुभव आहे. कामावरच्या सुरक्षिततेबद्दल मात्र संस्थेला थेट विचारा: रात्री मुक्काम कुठे, गाडी कोणाची, सोबत कोण. ज्या संस्थेला या प्रश्नाचा राग येतो तिथे जाऊ नका.

व्हॉट्सॲपवर ‘ग्लोबल पब्लिक हेल्थ फेलोशिप’ची जाहिरात आली आहे, सहा आठवडे, ऑनलाइन. घेऊ का?

पैसे कोण कुणाला देतंय? तुम्ही देत असाल तर तो कोर्स आहे. कोर्स वाईटच असतो असं नाही, पण त्याला फेलोशिप म्हणून अर्जात लिहिलंत तर जाणकार माणूस मनात हसतो.

पुढे नोकरी मिळते का?

मिळते, पण बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जिल्हा सर्वेक्षण कक्षातला साथरोगतज्ज्ञ, क्षयरोग आणि लसीकरण कार्यक्रमांत जागतिक आरोग्य संघटनेचे सल्लागार, आयसीएमआरच्या संस्थांतले शास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्था, पीएचडी, असे फाटे फुटतात. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग उभारायला सांगितलं. तो नीट उभा राहिला तर चित्र बदलेल.

गरजेचा हिशेब मात्र साफ आहे. दर दोन लाख लोकांमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येलाच १९ जण लागतात. बारा तालुक्यांत मिळून किती आहेत, ते जिल्हा परिषदेत जाऊन विचारून बघा.

शिफारसपत्र कुणाचं घ्यावं?

आमदारांचं नको. ज्यांच्यासोबत काम केलंय त्यांचं घ्या, मग ते साधे वैद्यकीय अधिकारी का असेनात. ‘ही मुलगी पुराच्या काळात आमच्या छावणीत रोज रुग्णांची यादी ठेवत होती’ एवढं एक वाक्य अधिष्ठात्यांच्या छापील स्तुतीला भारी पडतं. पत्र मागताना आपला बायोडाटा आणि जाहिरात सोबत द्या, आणि मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी मागा.

पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर?

संस्थेला ईमेल करून कारण विचारा, काही जण खरंच उत्तर देतात. मधल्या वर्षात हातातलं एक काम लेख किंवा पोस्टर होईल इतकं पूर्ण करा. कम्युनिटी मेडिसिनच्या राज्यस्तरीय परिषदांत विद्यार्थ्यांचे पोस्टर घेतात. पुढच्या अर्जात गेल्या वर्षीचंच उद्देशपत्र तारीख बदलून पाठवू नका. समितीत तेच लोक असू शकतात.